दोन सुनांच्या दोन रॅम

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सर्व शिक्षक, एकेकाळी मागच्या बाकावर बसून बेसूर गाणाऱ्या आणि आज पुढच्या रांगा अडवून बसलेल्या माजी विद्यार्थिनींनो, आणि मघापासून मला ‘आटप’ अशी खूण करणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे तुमच्या गाण्याच्या बाई आणि माझ्या सासूबाई, सर्वांना नमस्कार.

बाईंच्या शिकवण्याबद्दल माझ्याआधीचे वक्ते बोललेच. मी थोरली सून, मी घरचं बोलणार. आई, तुम्ही कानांवर हात ठेवलेत तरी चालेल.

तुमच्या बाईंनी घरी स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जुळवलाय, हे किती जणींना माहीत आहे? एकेक भाग आणून जेवणाच्या टेबलावर मांडला, स्क्रू वाटीत ठेवले. त्या वाटीत माझ्या नवऱ्याने एकदा चमचाही घातला होता, पण ते असो. हा खटाटोप कशासाठी? दरवर्षी शाळा सोडून जाणाऱ्या मुलींकडून त्या शाळेचं गीत म्हणवून घेत आणि कॅसेटवर भरून ठेवत. आपल्या स्वतःच्या निरोपाच्या दिवशी, म्हणजे आज, हे सगळे वर्ग एकदा एकत्र गायला हवेत, एवढीच त्यांची इच्छा. पण चार-पाच वर्गांचे आवाज एकावर एक चढवले की कॉम्प्युटर जागच्या जागी गोठायचा.

“रॅम कमी पडतेय,” त्या जेवताना पुटपुटल्या. रॅम म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीची पट्टी.

त्या महिन्यात आम्हा दोघी जावांचा अबोला होता. कारण? दिवाणखान्याचे पडदे. हसू नका, पडदे तुमच्याही घरी असतील. तर एकमेकींना न विचारता दोघींनीही रॅम आणली. माझी दुकानदाराने ‘साधी पण टिकाऊ’ म्हणून दिलेली. धाकटीची वेगवान, वर रंगीत दिवे लागणारी.

रविवारी दुपारी आईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच. एकटी माझी लावली, सुरू. एकटी तिची लावली, सुरू. दोन्ही लावल्या की ठप्प.

“दोन्ही चांगल्या आहेत,” आई म्हणाल्या, “फक्त शेजारी बसवल्या की बोलत नाहीत. आपल्याच घरच्या दिसतात!”

“मग एक परत करू या,” धाकटी त्यांना म्हणाली.

पण कोणाची? जिची परत जाईल तिच्या मनातून ते कधीच जाणार नव्हतं. आणि एका रॅमवर सगळे वर्ग गाणारही नव्हते.

“एकही परत जाणार नाही,” आई म्हणाल्या. “समूहगीतात मी काय करते? जिचा श्वास सगळ्यात तोकडा, तिला झेपेल अशी लय धरते. इथे तसं काही करता येतं का, बघा.”

सेटिंगमधलं कळतं ते धाकटीला. तिच्या रॅमचा वेग माझ्या रॅमच्या वेगावर आणायचा होता, आणि तो आकडा छापलेला माझ्या पट्टीवर. यंत्रात तिची एकटीच लावलेली, माझी पट्टी माझ्या मुठीत. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

मग म्हणाली, “ताई, तुमच्या पट्टीवर काय लिहिलंय?”

“दिसत नाहीये गं. फार बारीक आहे.”

“चष्म्याचं वय झालं, आता तरी मान्य करा,” असं म्हणत तिने मोबाइलचा उजेड धरला. दोघी एकदम वाकलो आणि डोक्यावर डोकं आपटलं.

आकडा मिळाला. वेग उतरवून तिने कॉम्प्युटर बंद केला.

“आता तुमची बसवा शेजारी. टक् वाजेपर्यंत दाबा.”

“मोडलं म्हणजे?”

“मोडलं तर मी केलं म्हणून सांगेन.”

टक् झालं. स्क्रीन उजळली. दिवे मात्र अजून तिच्याच रॅमचे लागतात. पडद्यांचंही ठरलेलं नाही, पण ते भांडण आता बोलून चालतं.

मला इथे उभं राहू दिल्याबद्दल मुख्याध्यापिकाबाईंचे आणि आमचं ते उघडंवाघडं यंत्र जपून मंचावर चढवणाऱ्या शिपाईमामांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात घरचं जास्त सांडलं असेल तर पोटात घाला.

आता ते गीत लागेल. तुमचे लहानपणीचे आवाज त्यात आहेत, त्यांच्याबरोबर गा. श्वास पूर्वीसारखा पुरत नसेल तर घाबरू नका. लय तुम्हाला झेपेल अशीच धरली आहे.

धाकटे, लाव गं.