रेतीत लावलेलं एंगकाबांग

(बोर्निओ बेटावरच्या सारावाकमधली टेकडी; पायथ्याशी इबान आदिवासींचं लांबघर, अख्खी वस्ती एकाच छपराखाली. साठीतली विधवा सेंदी, तिची लेक लुलोंग आणि नदीच्या वरच्या वस्तीवरचा विधुर मुनान एंगकाबांग झाडाच्या एका वाळक्या रोपाभोवती उकिडवे बसलेत.)

सेंदी: गुडघे गेले माझे! बान्यांगच्या बापा, तिसरं रोप हे. आधीची दोन वाळली, हेही वाळलंय.

मुनान: वाळलं नाही. रुसलंय.

सेंदी: रुसलंय म्हणे! आणि महिनाअखेर लेक बान्यांग तुला कायमचा मिरी शहरात घेऊन गेला, की ह्याचा रुसवा कोण काढणार?

मुनान: तुलाच भातावर एंगकाबांगच्या बियांचं तूप हवं होतं.

सेंदी: तूप हवं होतं, काटक्या नव्हे! बोट घालून बघ. नुसती रेती. पाणी ओतलं की गेलं पाताळात. एंगकाबांगला नदीकाठची चिकणमाती लागते, हे मी तुला शिकवू?

लुलोंग: अगं, जंगलात झाडांची मोजणी करणारे साहेब मुनानकाकांनाच पुढे घालतात. काका अनवाणी चालता चालता सांगतात, पायाला रेती लागली, आता कापराची झाडं येतील.

मुनान: तीस वर्षांत एकदाच चुकलो.

लुलोंग: कधी?

मुनान: साहेबांनी बूट दिले होते.

लुलोंग: मग हे तीनदा कसं चुकलं, काका?

मुनान: इथे वारा बरा असतो.

लुलोंग: वाऱ्यासाठी दर रविवारी दोन तास होडीतून?

सेंदी: मी पहिल्यांदाच म्हटलं होतं, नदीकाठी लाव. तर म्हणतो कसा, नको, तिथे लगेच जगेल.

लुलोंग: काय म्हणाले?

सेंदी: लगेच जगे... अगं बाई!

मुनान: मी निघतो. नदीचं पाणी उतरेल.

लुलोंग: बसा हो! आई, कान बघ तुझे, मिरचीसारखे झालेत.

सेंदी: तू गप गं. काय रे, तुमच्या टेकडीवरचा कापूर खाली चिकणमातीत आणला तर मरतो का?

मुनान: मरत नाही. पण शेजारची झाडं फार दाबतात.

सेंदी: आमच्या लांबघरात सव्वीस खोल्या, सव्वीस संसार आहेत. एकेक बाई अशी तोंडाळ!

मुनान: ओळखतो सगळ्यांना. कापूर दिसतो तेवढा नाजूक नसतो.

लुलोंग: आपण अजून झाडांचंच बोलतोय ना?

मुनान: झाडांचंच.

सेंदी: झाडांचंच तर!

लुलोंग: बोला मग. मी आहे इथेच.

सेंदी: पुरे झालं झाडांचं. मिरीला जायचं नाही. तू माझ्या खोलीत राहायला ये.