लाइनबाहेरचा पाय

आमच्या सायलीला त्या करंडकासोबत कधी फोटो काढायला सांगू नका, कारण सांगते.

रत्नागिरीत कॉलेजच्या बास्केटबॉलची फायनल होती, खेडच्या मुलींशी. अगदी शेवटच्या क्षणी सायलीने बास्केट केली आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. पण बॉल घेताना तिचा पाय लाइनबाहेर पडला होता. रेफरीला तो दिसला नाही, आणि आम्हीही गप्प राहिलो.

बक्षीस समारंभ झाला, तशी सायलीला राहवेना. मला घेऊन ती खेडच्या कॅप्टनकडे गेली.

"माझा पाय बाहेर होता गो," सायली म्हणाली.

"माहीत आहे. मी समोरच होते."

"मग रेफरीला सांगितलं का नाहीस?"

बुटाची नाडी सोडत कॅप्टन म्हणाली, "मला वाटलं, तू सांगशील."