डबा आणि वकीलपत्र

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य मेघनाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती ॲडव्होकेट रघुवीर सर, आणि उद्या काळा कोट चढवायला उतावीळ झालेल्या माझ्या बाळांनो,

मी रुपाली, लालबागची. सरांच्या निवृत्तीच्या निमित्ताने वकिली म्हणजे काय ते या मुलांना सांग, असा हुकूम आहे. खरं सांगू? वकिली म्हणजे बरीचशी वाट बघणं. पुकाऱ्याची, निकालाची, आणि कँटीनच्या चहाची. घरचे विचारतील, "आज काय केलंस?" तुम्ही म्हणाल, "तारीख घेतली." ऐकून आईचा चेहरा कसा होतो, ते मला विचारा!

पण एक गोष्ट पुस्तकात नाही. मी नवखी होते, आणि मालनमावशींची बाजू माझ्याकडे होती. त्यांची चाळीतली खोली मालकाला रिकामी करून हवी होती. मावशी एकट्या, त्या खोलीपलीकडे त्यांना जगात जागा नाही. मालकाचे वकील कोण? हेच आपले सर.

त्या दिवशी माझी दोन प्रकरणं दोन कोर्टांत एकदमच पुकारली गेली. मी वरच्या मजल्यावर उभी, आणि खाली मावशींच्या नावाचा पुकारा. मावशी मागच्या बाकाजवळ दाराकडे बघत उभ्या. सरांनी नुसतं "समोरचे वकील गैरहजर" म्हटलं असतं, तर खोली गेलीच होती हो! सर उठले आणि म्हणाले, "साहेब, त्या वर दुसऱ्या कोर्टात उभ्या आहेत. प्रकरण थोडं मागे ठेवावं."

मालक भडकला. "अहो, तुम्ही वकील कुणाचे?"

"तुमचाच. पण या बाईंना हरवीन ते त्यांची वकील समोर असताना."

हे मला नंतर मावशींनी सांगितलं. मी धापा टाकत पोचले, तेव्हा सरांनी युक्तिवादात मला अशी सोलून काढली की विचारू नका! दया-माया नाही. तरी निकाल आमच्या बाजूने लागला. मालक अपिलात गेला, सरांनाच घेऊन.

त्या गणपतीत मावशी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन सरांच्या ऑफिसात गेल्या. सरांनी हात जोडले. "बाई, वास फार छान येतोय. पण वकीलपत्र तुमच्या विरुद्ध आहे. अपील संपेपर्यंत नको." मावशी हट्टी, दर गणपतीत डबा नेणार. सर त्याहून हट्टी, दरवर्षी परत पाठवणार. आणि डबा परत आला की मावशी मला म्हणायच्या, "माणूस मोठो हा गो."

तर मुलांनो, समोरचा वकील हा शत्रू नव्हे. जीव तोडून भांडा, पण त्याची खुर्ची रिकामी असेल तेव्हा त्याच्यासाठी दोन शब्द बोला. सर, मी हे तुमच्याकडून शिकले. तुमच्यावर माझा फार जीव आहे, हे कोर्टात कधी म्हणता आलं नाही.

मागच्या महिन्यात ते अपील फेटाळलं गेलं. खोली मावशींचीच राहिली, आणि सरांनी शेवटचं वकीलपत्र खाली ठेवलं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही उणं-अधिक गेलं असेल तर पदरात घ्या. सरांची मात्र आज सुटका नाही. पहिल्या रांगेत मालनमावशी बसल्या आहेत, मांडीवर डबा घेऊन.

मावशी, या वर. आता सरांची हरकत चालणार नाही.