ग्लासात उरलेलं पाणी

"हॅलो? … हो. … हो हो, बोला ना."

'बोला' म्हणून गेली आणि अंजनाला तिचं तिलाच कसंतरी झालं. फोन तिच्या आईचा होता. पण दोन हातांवर आपटे सर उभे होते, हॉटेलच्या मेजवान्यांचे मॅनेजर. उंच दांड्याचा एक ग्लास खिडकीच्या उजेडात धरून ते त्यावर बोटांचे ठसे शोधत होते. आईशी बोलायला सरांनी कुणाला कधी अडवलं नव्हतं. अडचण एवढीच, की या आईशी बोलायचं तर तलवाड्याच्या बोलीत बोलावं लागणार, आणि बीडच्या या नव्या हॉटेलात अंजना मॅडम पुण्याच्या होत्या. त्यातही हडपसरच्या. खोटं एकदा बोललं की त्याला पत्ताही द्यावा लागतो.

"ओळखलं. … नाही, कामात आहे थोडी. … नॅपकिन सगळे मिळाले, धुलाई चांगली झालीय. … अहो नाही, ठेवू नका. थांबा जरा."

नॅपकिनबद्दल पलीकडून कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ते सगळं सरांच्या कानांसाठी होतं. सरांनी ग्लास खाली ठेवला, दुसरा पुसायला सांगितला आणि ते बाहेर गेले. अंजनानं झुलतं दार पुरतं थांबू दिलं.

"हां, आता बोल. … न्हाई गं, साहेब होते इथं. … कावून रागावतील? न्हाई रागावले. … तू आधी सांग, रात्री झोपलीस कुडं? … दूध संघाच्या हॉलमधी? … समद्या बायका? … बरं. च्या घेतलास का? … नुसता च्या? … मोठ्यानं बोल, लई गलका हाय तुझ्याकडं. … डबा? धपाटे? … कशाला केलेस गं, इथं मला जेवण असतं. … ये की घेऊन. मी हायच. … हो, मागच्या गेटनं. टँकर आत येतं ना, तिथून. … पुढून नको. पुढं ते… पुढं गर्दी असती."

पुढं कसली गर्दी? सकाळचे साडेनऊ वाजले होते, पुढच्या दारात एक धोंडीराम वॉचमन तेवढा स्टुलावर बसून असणार. अंजनाला ते माहीत होतं. तिनं गरम पाण्याच्या वाफेवर एक काटा धरला आणि खसाखसा पुसायला घेतला.

काल रात्रीचं जेवण तिनंच मांडलं होतं. दिल्लीहून दुष्काळ बघायला साहेब आले होते, त्यांच्यासोबत जिल्ह्यातल्या दूध संस्थांचे चेअरमन. त्या चेअरमनांत एक जानकीबाई, अंजनाची आई, तलवाड्याच्या बायकांच्या दूध संस्थेची. गुरांच्या छावण्या पाऊस पडेपर्यंत बंद करू नका, एवढं साहेबांच्या कानावर घालायला बायकांनी तिला पाठवलेलं. आमंत्रण आल्याचं कळलं तसं अंजनाला ते टेबल दिसायला लागलं. जमिनीवर मांडी घालून, काशाच्या ताटलीत भाकरी कुस्करून जेवणारी आई, आणि पुढ्यात तीन काटे, तीन चमचे, दोन सुऱ्या, तीन ग्लास. चार संध्याकाळी तिनं फोनवरून आईची शिकवणी घेतली. घरात काटा कुठला असायला? जानकीबाईनं कडुलिंबाची एक बेचक्याची काडी सोलून तिचा काटा केला, उलथन्याची सुरी केली, आणि चार दिवस रोज एक धपाटा ताटलीत ठेवून कापला.

"न्हाई, काहीच चुकलं न्हाई. … अगं खरंच सांगते. काटा डाव्या हातात, सुरी उजव्यात. … हो, बाहेरून आत येत गेलीस, बरोबर. … सूपचा गोल चमचा, तोच घेतलास की. … तुझा न्हाई आला आवाज. दिल्लीवाल्याचा आला, तू न्हाई ऐकलास? … हां. … झाल्यावर काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवलीस, ते तर आमच्या पोरांना बी सांगावं लागतं. … कोणता ग्लास? … तो व्हय. तो दारूचा असतो. … न्हाई गं, दारू कुठली, सरकारी जेवण होतं. … नुसता मांडायचा असतो. … हो, रिकामाच. … रिकामाच उचलून न्यायचा. … आता ते कावून, ते मी काय सांगू?"

तिला हसू आलं, आणि हसू येताच काल रात्रीचं हसणं आठवलं. हातातला काटा तिनं चमच्यांच्या ट्रेमध्ये टाकला, मग चुकलं म्हणून पुन्हा काढला.

"त्याचं सोड. … सोड म्हणते ना मी. … कुणी काही बोललं न्हाई मला. … अगं ऐक ना… तू कावून माफी मागतीस?"

झालं होतं असं. जेवण संपलं, साहेब खुर्च्या मागं सारून उठले, सगळे दारापाशी फोटोला गेले. टेबलावर ग्लास तसेच. कुणी दोन घोट प्यालेलं, कुणी ओठ लावून ठेवलेलं, कुणी हातही न लावलेला. जानकीबाई उठली आणि परत आली. तिनं एकेक ग्लास उचलून उरलेलं पाणी जगमध्ये ओतायला सुरुवात केली. शांतपणे, घरच्यासारखं. गावात दर दहाव्या दिवशी टँकर येत होता. पेल्यात उरलेलं पाणी मोरीत टाकलं तर म्हातारी माणसं जेवण टाकून उठत. जग भरला तसा तिनं बोटं धुवायच्या लिंबाच्या वाट्यांकडे मोर्चा वळवला. ते पाणी जगमध्ये घातलं नाही, त्याची जागा वेगळी. कोपऱ्यात कुंडीत हिरवंगार झाड होतं. एकेक वाटी नेऊन तिनं त्याच्या बुडाशी ओतली.

झाड प्लास्टिकचं होतं. पाणी कुंडीच्या खालून निघालं आणि गालिच्यावर पसरलं.

वाढणारी पोरं हसली. आपटे सर अंजनाच्या कानाशी येऊन म्हणाले, ही कुठून पकडून आणली, आणि स्वतःच्या विनोदावर हसले. त्यांच्यासोबत अंजनाही हसली. नुसतं तोंडानं नाही, आवाज काढून. मग पुढं होऊन आपल्या जन्मदात्या आईच्या हातातली वाटी काढून घेत म्हणाली, "राहू द्या मॅडम, आमची माणसं आहेत त्याला."

जानकीबाईनं तिच्याकडे बघितलं. लेकीनं आधीच बजावलं होतं, तिथं मला हाक मारू नकोस. माउलीनं शिकवणीतला तोही धडा पाळला. म्हणाली, "चुकलं मॅडम," आणि पदरानं हात पुसले. मांडीवरचा नॅपकिन खुर्चीवर घडी करून ठेवलेला होता, पण तो खराब कशाला करायचा.

"हो, कळतंय मला. … ग्लासातलं गाईला. … हात बुचकळलेलं झाडाला. … मला काय सांगतीस, मी तिथंच वाढले ना. … झाड? … न्हाई, लिंबानं काही होत न्हाई त्याला. … न्हाई जळणार. … चांगलं हाय, आत्ताच पाह्यलं."

 पलीकडे बाई अजून त्या झाडाचीच चौकशी करत होती. लिंबाचं पाणी थेट मुळाशी गेलं, साधं पाणी थोडं वरून घाल, असं काहीतरी. अंजनानं फडकं खाली ठेवलं. तोंड कोरडं पडलं होतं, आणि समोर पुसलेल्या ग्लासांची रांग होती.

"ऐक. … आधी ऐक तर. ते झाड खोटं होतं. … प्लास्टिकचं. … हो, पानं बी. … नुसतं शोभेला. … म्हून हसत होते सगळे. … मी बी हसले. … काय? … पाह्यलंस तू? …"

 आई पलीकडून काय म्हणत असावी ते अंजनाच्या मान खाली घालण्यावरून कळावं. बहुतेक, असू दे, नोकरी हाय, असंच काही.

"असू दे काय? … न्हाई, नोकरीसाठी न्हाई. नोकरी कुणी काढून घेत नव्हतं. मलाच लाज वाटली. तुझी. … हो, तुझी लाज वाटली मला. आन् आता… रात्रभर डोळा लागला न्हाई बघ. मॅडम म्हणाले मी तुला. … तू बी म्हणालीस. कावून म्हणालीस गं? …"

डोळे भरून आले तसे तिनं ते बाहीनंच पुसले. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या महिन्यात 'माझा डबा'ऐवजी 'मपला डबा' म्हणाली तर खोलीतल्या पोरी आठवडाभर 'मपला, मपला' करत फिरल्या होत्या. त्या आठवड्यात तिनं तो शब्द टाकला. मग 'हाय' टाकलं, 'लई' टाकलं, आणि टाकता टाकता 'माय' म्हणायचंही बंद झालं. फोनवरसुद्धा ती हल्ली आईला कशानंच हाक मारायची नाही. बोल, ऐक, सांग, एवढ्यावर भागवायची.

"असं कर. तू मागून येऊ नकोस. … हो, पुढून ये. मोठ्या दारानं. मी खाली येते. … अगं काही होत न्हाई, येऊ दे कुणाला यायचं ते. मी तुला सगळं दाखवते. ग्लास कुठं ठेवतो, चमचे कसे पुसतो. … हा आवाज कसला? … कंडक्टर? … कुठली घंटी? … तू गाडीत हायस?"

तिनं घड्याळाकडं बघितलं.

"कधी बसलीस? … नऊच्या? … अगं पण तू तर म्हणालीस… न्हाई, तू म्हणालीस धपाटे आणलेत. … छावणीत, हो, गाईचं हाय, पण एक गाडी उशिरा गेली असतीस तर… भेटायला आलतीस ना तू? … आलतीस? इथं? … कधी? … पुढच्या दारानंच? मग वर का न्हाई आलीस? …"

आई सकाळीच येऊन गेली होती. मागचं गेट बंद म्हणून पुढून आली, दारातल्या माणसाजवळ डबा दिला आणि निघाली. हे एवढंसं कळायला अंजनाला तीन तीनदा विचारावं लागलं, कारण गाडी खडखडत होती आणि बाई उत्तर टाळत होती.

"वॉचमनजवळ दिलास. … बरं. मग त्यानं इचारलं असंल ना, कोण म्हून? … काय सांगितलंस? … न्हाई, सांग. … सांग ना गं. …"

पुढचं उत्तर अंजनानं स्वतःच्या तोंडानं म्हणून पाहिलं.

"गावाकडची बाई? … 'अंजना मॅडमच्या गावाकडची कुणी बाई येऊन गेली म्हणा.' … असं सांगितलंस? … माझ्यासाठी? … मी कुठं म्हणले असं सांगायला? … हो. … हो, मीच म्हणले होते."

नेमकं तेव्हाच दार झुललं. आपटे सर आत आले. हातात जुन्या फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, कडीचा. धोंडीरामनं दिला म्हणाले, तुमच्यासाठी कुणी बाई ठेवून गेली, गावाकडची. पण मॅडम, तुम्ही तर हडपसरच्या ना? मग त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि हसत विचारलं, धोंडीराम म्हणतो कालचीच ती, झाडाला पाणी घालणारी. खरं का?

फोन कानाला तसाच होता. एरवी अशा वेळी तिनं नॅपकिनची धुलाई काढली असती. पलीकडून आई विचारत होती कोण आलं, साहेब आले का, ठेवू का मी.

"ठेवू नको. … थांब, ठेवू नको."

मग तिनं फोन कानावरून न काढता, त्यावर हात न ठेवता सरांकडं पाहिलं.

"मपली माय हाय ती, सर."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, त्यांना ते कुठं ठेवावं कळेना. ते काहीतरी म्हणाले, सॉरी म्हणाले असावेत. तिनं ऐकलं नाही.

"माय? … ऐकलंस का? काय म्हणले मी, ऐकलंस? … हॅलो? … माय? … हॅलो?"

फोन बंद पडला होता. गाडी पाडळशिंगीच्या पुढं गेली असावी, तिथं रेंज नेहमीच जाते. कुठल्या शब्दाला तुटला, 'ठेवू नको'ला की 'मपली माय'च्या नंतर, हे कळायला काही मार्ग नव्हता. पडद्यावर नंबर होता, त्याच्यावर नाव होतं 'जानकीबाई टी.', टी म्हणजे तलवाडा. कुणी फोन उघडून पाहिला तरी कळू नये म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनंच ते असं लिहिलं होतं.

अंजनानं ते नाव पुसलं आणि दोन अक्षरं लिहिली. मग आपटे सरांच्या समोरच उभी राहून तिनं पुन्हा फोन लावला.