कुंदनरावांच्या कमरेला बारा गाड्या

...आणि वर म्हणतात, तब्येतीला जपा! अहो, कोणी म्हणावं हे? साहेबांनी संध्याकाळी सहाला व्हीसी लावली. व्हीसी म्हणजे ती मोबाईलवरची मीटिंग हो, ज्यात एकजण ओरडतो आणि बाकीचे 'हो सर, हो सर' करतात. माझ्या भाकरी गार होऊन कडक झाल्या तरी ती संपेना, आणि शेवटी तेच साहेब गोड आवाजात म्हणतात, "घरकुलांचं टार्गेट झालं नाही तर एकेकाला बघून घेतो... आणि हो, कुंदनराव, चेहरा उतरलाय तुमचा. तब्येतीला जपा बरं का!" म्हणजे मारायचं पण यांनीच आणि हळद पण यांनीच लावायची!

आता तुम्हाला सांगते, आमचे हे, कुंदनराव, जळगावला पंचायत समितीत विस्तार अधिकारी. वय सत्तेचाळीस. तरुणपणी शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात कबड्डी खेळायचे म्हणे. म्हणे! मी काही कबड्डी पाहिली नाही, मी पाहिलं ते पोट. आमची लेक डिंपल झाली तेव्हा बाळंतपण माझं झालं आणि पोट यांचं राहिलं ते राहिलंच. आणि दुखणी म्हणाल तर... एक असेल तर सांगू ना! कर्मचाऱ्यांच्या क्रीडा स्पर्धा होत्या. रस्सीखेच. बाकीच्यांनी यांना नीट वरखाली पाहिलं आणि म्हणाले, "कुंदनराव, तुम्ही फक्त शेवटी उभे राहा, काही करू नका, तुम्ही असल्यावर दोर कशाला हलतोय?" दोर नाही हलला, खरंच नाही हलला. मणक्यातली गादी हलली. मग गुडघा. गुडघा कसा गेला? घरकुलाचा फोटो काढायला गेले होते, पूर्ण घर फोटोत आलं पाहिजे असा नियम, म्हणून हे मागे सरकले, अजून मागे सरकले, अजून थोडं... आणि गेले सांडपाणी मुरवायच्या शोषखड्ड्यात. यांनीच मंजूर केलेला खड्डा हो! चार माणसांनी वर काढलं, आणि त्यातला एक जण म्हणतो कसा, "साहेब, खड्डा मापात झाला ना? आणि तब्येतीला जपा."

तर हे असं शरीर घेऊन आम्ही दिवाळीला गावी गेलो. तिथे आमचे सासरे, जीवराम आबा. पंचाहत्तरी ओलांडलेले, त्याच पावसाळ्यात नाशिकला बायपास झालेलं. आणि आबा कोण? तर गावचे भगत. चैत्रात खंडेरायाची जत्रा भरते आणि बारागाड्या ओढतात. तुमच्यातल्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांना सांगते, बारा बैलगाड्या, एकामागे एक बांधलेल्या, बैल एकाही गाडीला नाही, आणि प्रत्येक गाडीत माणसं अशी लोंबकळलेली की चाक दिसू नये! आणि हे सगळं वेशीपासून देवळापर्यंत ओढणार एकटा भगत. दोन बाजूंनी दोघं त्याचे दंड धरतात, त्यांना बगले म्हणतात, पण दोर भगताच्या अंगाला. आणि अंगाला म्हणजे कुठे? कमरेला! साऱ्या शरीरात दुसरी जागा सापडली नाही देवाला!

हा मान आमच्या घरात बापाकडून लेकाकडे येतो. हे एकुलते एक. आबांनी कंदिलाला वात लावावी इतक्या शांतपणे विषय काढला. "यंदा तू वढशी?" यांचा हात आपोआप कमरेवर गेला. आबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "तुले जमत नसी ते ऱ्हाऊ दे बेटा. मी शे ना. मी वढसू." मी म्हटलं, आबा, डॉक्टरांनी तुम्हाला बादली उचलू नका सांगितलंय! तर म्हणतात, "बादली नही उचलस मी. गाड्या वढसू." मी म्हटलं, विक्रमभाऊजींना द्या की मान, शेजारचेच आहेत, दरवर्षी बगले असतात, दांडगा गडी. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फराळाचं ताट उचलून आत गेले. "घरना मान शे. दुसराले देवाव नही."

परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो, तर यांनी कप तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "रोहिणी, आबांनी दोर बांधला तर ते देवळापर्यंत जिवंत पोचणार नाहीत. मलाच ओढाव्या लागतील." तुम्हाला सांगते, इतकी वर्षं मी या माणसाला हसत आले, पण तेव्हा नाही हसले.

मग आम्ही तब्येतीला जपायला लागलो! आधी डॉक्टर. ते म्हणाले, "वाकायचं नाही, उचलायचं नाही, ओढायचं तर अजिबात नाही." हे म्हणाले, "डॉक्टर, गाड्या ओढायच्या आहेत." "किती?" "बारा." "बैल किती?" "बैल नाहीत." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, यांना झोप लागते का नीट?"

मग मेहरूण तलावावर फिरणं. तिथे यांच्या ऑफिसची मंडळी. एक चक्कर चालायचं आणि मग थकवा आला म्हणून कचोरी! थंडी पडली तर म्हणे, "कुंदनराव, भरीत पार्टीला चला, शेतात. वांगंच तर आहे, भाजीपाला, त्याने कुठे वजन वाढतं?" वांग्याने नाही वाढत हो, त्या वांग्यावर जे तेल तरंगतं आणि सोबत ज्या पुऱ्या हाणतात त्यांनी वाढतं! हे रात्री घरी आले, सोफ्यावर आडवे झाले आणि म्हणाले, "आज फक्त भाजी खाल्ली."

शेवटी जिम. तिथला ट्रेनर भूपेंद्र. बावीस-तेवीसचा असेल, दंड असे की हात खाली सोडले तरी अंगाला टेकत नाहीत. "अंकल, टेन्शन नका घेऊ. बारा गाडी म्हणजे काय, कमर और पीठ का खेल आहे. चेस्ट वर, कोर टाईट, और एक! और एक!" और एक म्हणता म्हणता त्याने यांना पुरतं जेरीस आणलं. मग जिममागच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रॅक्टरचं टायर आणलं, यांच्या कमरेला दोर बांधला आणि म्हणाला, ओढा. रिकामं टायर ओढता आलं तर म्हणतो, "आंटी, तुम्ही बसा." मी! आंटी! बसले की हो. नवऱ्याच्या तब्येतीसाठी बाई काय काय करते ते सांगायला कुठे कोर्ट आहे? हे पुढे कण्हत कण्हत ओढतायत, मागे मी टायरवर बसून तुरीच्या शेंगा सोलतेय, आणि कॉलनीतल्या बायका गच्चीवरून विचारतायत, "रोहिणीताई, काही नवस बोललात का?"

पण ओढलं हो त्यांनी. सगळा हिवाळा ओढलं. ऑफिसातून दमून, शिव्या खाऊन यायचे, कपडे बदलायचे, आणि जायचे. पाठीला पट्टा, गुडघ्याला पट्टा, खांद्याला मलम. घरात माणूस आहे की मेडिकलचं दुकान तेच कळेना! साहेबांकडे जत्रेची रजा मागितली तर साहेब म्हणाले, "घ्या ना, तब्येतीला जपा, फक्त त्या दिवशी व्हीसीला मोबाईलवरून हजर राहा."

उजाडला चैत्रातला तो दिवस. ऊन असं की कोंबडीने अंडं घातलं तर उकडलेलंच निघावं. संध्याकाळी वेशीत बारा गाड्या उभ्या, माणसांनी लगडलेल्या, आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" असा गजर की आपलं काळीज आपल्याला ऐकू येईना. यांना हळदीने माखलेलं, डोक्याला फेटा, पाय अनवाणी. एका बाजूला विक्रमभाऊजी, दुसऱ्या बाजूला त्यांचा भाऊ. आबांनी स्वतः लेकाच्या कमरेला दोर बांधला. गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली, ते मी पाहिलं. मग ते यांच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. आणि आमच्या ह्यांचा चेहरा... हळदीखालीसुद्धा पांढरा पडलेला दिसला मला! मला वाटलं, झालं, गादी सरकली.

काय बोलले असतील आबा? नंतर कळलं ते आत्ताच सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं समजायचं नाही. आबा म्हणाले, "गाड्या देव वढस. आठून देवळलोंग बठ्ठा उतार शे. मांगथून धक्का बसना की गाड्या आपसूक येतस. तुले फक्त त्यासना पुढे पयनं शे. मांगे दखू नको. पय!"

पळ! ऐकलंत? पाच महिने त्या माणसाने ओढायची तयारी केली, आणि कळलं काय, तर पळायचंय! बारा गाड्या उतारावरून अंगावर येणार, आणि त्यांच्यापुढे, तो शोषखड्ड्यात गेलेला गुडघा घेऊन, नुसतं पळायचंय! तुम्ही म्हणाल, गावात वाढलेल्या माणसाला उतार दिसला नाही? अहो, दरवर्षी हे गाडीत बसायचे, गाडीतल्या माणसाला उतार कधी कळतो का? आणि आबांना मी नंतर विचारलं, आबा, दिवाळीतच सांगायचं होतंत ना! तर म्हणाले, "दोर बांधतांना कानमा सांगानी चाल शे. पहिले कसं सांगू?" चालरीत! लेक चिरडला तरी चालेल, चालरीत मोडता कामा नये!

तर मागून लोकांनी खांदे लावले, पहिली गाडी कुरकुरली, दुसरी, तिसरी... आणि सुटल्या की हो! तुम्हाला सांगते, कोर टाईट नाही, चेस्ट वर नाही, भूपेंद्र नाही की बिपेंद्र नाही, माझा नवरा असा पळाला, असा पळाला! बगल्यांनी भगताला धरायचं असतं ना? इथे विक्रमभाऊजी यांच्या दंडाला लोंबकळत चाललेले! लोक ओरडतायत, "उना रे उना! भगत उना!" म्हणजे आला रे आला! मी कडेकडेने पदर खोचून धावतेय, रडतेय, "अहो गुडघा! अहो गुडघा!" आणि तेवढ्यात माझ्या पर्समध्ये ठेवलेला यांचा फोन वाजायला लागला. व्हीसी! घाईत बोट कुठे लागलं कोण जाणे, साहेबच दिसायला लागले. "कुंदनराव कुठे आहेत?" मी मोबाईल गाड्यांकडे फिरवला. साहेब पहिल्यांदाच गप्प बसले.

देवळापाशी विक्रमभाऊजींनी कसाबसा दोर सोडवला, पोरांनी चाकांखाली लाकडं घातली, गाड्या थांबल्या. हे थांबले नाहीत! देऊळ गेलं, पार गेला, चावडी गेली, थेट मराठी शाळेच्या फाटकाला धरून उभे. मी पोचले तर नुसते धापा टाकत होते. म्हटलं, दुखतंय का हो? तर म्हणाले, "रोहिणी, काहीच दुखत नाही. एवढी वर्षं झाली, आज काहीच दुखत नाही."

मागून काठी टेकत आबा आले. लेकाशेजारी शाळेच्या पायरीवर बसले. काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "लोके म्हणतस जीवरामनी गाड्या वढ्यात. मी कसाना वढस? मी बी आखी जिंदगी पयनू. हरसाल भ्याव वाटे." आणि मग माझ्याकडे बघून, डोळे पुसत, "बेटा, मना पोऱ्या वाचना." त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि मला त्या म्हाताऱ्याची इतकी माया आली की सगळा राग गेला. त्या रात्री आबा गाढ झोपले, घोरत होते अगदी.

आता मान यांच्याकडे आला. कायमचा! म्हणजे पुढच्या चैत्रात पुन्हा पळायचं, आणि त्याच्या पुढच्या चैत्रातही. डॉक्टर म्हणाले, पळणं मानवतंय तुम्हाला, रोज पळा. भूपेंद्र म्हणतो, "अंकल, टायर फेंक दो, फक्त रनिंग." पळा म्हणे! तलावावर गेलो तर हे आपले रमतगमत, हात मागे बांधून, घरकुलाची पाहणी करावी तसे चालतायत. म्हटलं, पळा ना! तर म्हणाले, "पाय उचलतच नाहीत गं. मागून काहीतरी अंगावर आल्याशिवाय नाही जमत मला."

मग काय करणार? नवरा माझाच. रोज सकाळी मी स्कूटी काढते. हे पुढे जीव खाऊन पळतात, मी मागून हॉर्न दाबत त्यांच्या अंगावर गाडी घालते, आणि तलावावरचे लोक धावत येऊन मला अडवतात, "अहो वहिनी, शांत व्हा, काय झालं घरात?" आणि मी हेल्मेट वर करून रोज तेच सांगते, "काही नाही हो... यांचा व्यायाम चाललाय."