न बोलणाऱ्या पोपटाची रेकॉर्ड

चार वाजून दहा मिनिटं! दुपारचे! आता तुम्हीच सांगा, ही काय भुताची वेळ आहे? भुतानं कसं, अमावस्या बघावी, पिंपळ बघावा, निदान लाईट गेलेले तरी बघावेत... पण नाही! लख्ख ऊन पडलंय, खाली भंगारवाला ओरडतोय, माझ्या हातात चहाचं गाळणं, आणि नेमकी तेव्हाच आमच्या घरात ती बाई बोलली. पुण्यातलीच असणार बघा. एक ते चार झोप काढली, तोंड धुतलं, मग आली. मी काही भित्री बाई नाही हो, पण गाळणं पडलं ते पडलंच. चहाची पत्ती अजून त्या फरशीच्या फटीत आहे, बिबवेवाडीला आलात की दाखवते.

पण असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. आमच्या ह्यांच्यापासून सुरुवात करावी लागेल, आमच्याकडे सगळ्याची सुरुवात तिथूनच होते. आमचे हे, संभाजीराव, हिंजवडीला कंपनीची बस चालवतात. आठवडाभर त्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न ऐकून माणसाचे कान किटावेत की नाही? दुसरीचा नवरा रविवारी मटण आणतो, माझा नवरा जुन्या बाजारात जाऊन रेकॉर्डी आणतो. त्या काळ्या, ताटाएवढ्या, सुई लावून वाजवायच्या. बरं, गाण्याच्या तरी आणाव्यात! गाण्याची एक नाही! "अगं हेमा, गाणी काय, मोबाईलवर पण मिळतात. हे मिळतं का कुठं?" आणि हे म्हणजे काय, तर एका रेकॉर्डवर एक माणूस नुसता हसतो. ही बाजू हसतो, उलटली की ती बाजू हसतो, का हसतो काही पत्ता नाही! एकीवर टायपिंगचा मास्तर, "अंगठा मोकळा सोडा... अंगठा मोकळा सोडा..." एकीवर बेडूक. होय, बेडूक! आणि आमचे हे डोळे मिटून मान डोलावतात. शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, "तुमच्याकडे पाणी साठलंय का हो?"

मी काही भित्री बाई नाही, पण त्या हसणाऱ्या माणसाला मी माळ्यावर ठेवलंय, तोंड भिंतीकडे करून. रेकॉर्डला तोंड कुठं असतं, माहीत आहे मला. तरी ठेवलंय.

आता ह्या सगळ्यात माझी रेवू. रेवती. अडीच वर्षांची झाली आणि तोंडातून एक शब्द नाही. ऐकू येतं, कळतं सगळं, "रेवू, बाबांची चप्पल आण" म्हटलं की आणते, तीही जोडीनं, पण "आई म्हण" म्हटलं की नुसती बघते... टकामका. खालच्या मजल्यावरची पोर हिच्यापेक्षा लहान, ती खिडकीतून भाजीवाल्याशी घासाघीस करते! आणि मला रात्रंदिवस एकच. बाजारात हात सुटला तर ही नाव कसं सांगणार? बालवाडीत कुणी ढकललं तर कुणाला सांगणार? आणि मला... मला ही कधी आई म्हणणारच नाही का? ह्यांना म्हटलं तर हे म्हणतात, "बोलेल गं, घाई काय आहे." घाई काय आहे! ह्या माणसाला फक्त सिग्नल सुटला की घाई असते.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान बघितले, घसा बघितला, म्हणाले, "काही दोष नाही. टीव्ही बंद, मोबाईल बंद, आणि मुलीशी बोलत राहा." बोलत राहा! अहो, मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण सांगितलेलं अक्षर खाली पडू देत नाही. दुसऱ्या दिवशी डोळा उघडल्यापासून जी सुरू झाले... रेवू, ही बघ वाटी, वाटीत काय आहे, वाटीत आहे वरण, वरण कसलं, तुरीचं, तूर कुठून आणली, मार्केट यार्डातून, बाबांनी आणली, बाबा कुठे गेले, बसवर गेले, बस कुठल्या रंगाची, म्हण पांढरी, म्हण ना, म्हण बाई एकदा... झोपली तरी चालूच. हे म्हणाले, "हेमा, श्वास घे." मी म्हटलं, तो पण मीच घेऊ का आता!

आणि अशा घरात ती रेकॉर्ड आली.

जुन्या बाजारात इम्तियाजभाई बसतात, ह्यांचे मित्र. मित्र कसले, ह्यांच्यासारखेच, दोघांचं जमतं. ते म्हणाले, "संभाजीभाऊ, ही घेऊन जा, अशीच. कंपनीची नाही ही, कुणीतरी आपली आपण भरून घेतलेली आहे. पूर्वी बुधवार पेठेत एका दुकानात मशीन होतं, आत जाऊन बोलायचं, बाहेर येताना रेकॉर्ड हातात. गिऱ्हाईक नाही हिला, पण माणसाचा आवाज आहे ना आत, भंगारात कसा घालू?" रेकॉर्डच्या मध्यभागी पांढरा कागद आणि त्यावर शाईनं एवढंच लिहिलेलं... विठूसाठी.

ह्यांनी ती लावली आणि स्वतः गेले दूध आणायला! मी चहाला आधण ठेवलेलं. सुई खरखरली, आणि एक बाई बोलली. बारीक आवाज, पण काय सांगू, एकेक अक्षर निवडून ठेवलेलं. "विठू... बोल. पाहुणे आले." मग गप्प. मागे सायकलची घंटी, टांग्याचा घोडा टापा वाजवत गेला, म्हणजे बघा किती जुनं. मग परत, "पाहुणे आले." परत गप्प. "बसा." गप्प. "निघालात? दार ओढून घ्या." गप्प. "पुरे आता."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोपट! बाई पोपटाला बोलायला शिकवतेय! स्वतः घरी नसताना पोपटाला ऐकवायची असणार. आणि तो काही बोलत नसणार, नाहीतर एवढा खटाटोप कोण करतं? मला तर हसूच आलं. म्हटलं, घ्या, हिच्याही घरी एक आहेच. मी चहा गाळायला घेतला, घड्याळात चार वाजून दहा मिनिटं, बाईनं परत म्हटलं, "पाहुणे आले", गप्प झाली... आणि माझ्या पाठीमागून, जमिनीलगत, आवाज आला.

"पाहुणे आले."

माझी रेवू! अडीच वर्षं जी बोलली नाही, ती बोलली! आणि कसं? बोबडं नाही, अडखळत नाही, "पाहुणे"मधला ण असा खणखणीत की आमच्या शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटली असती! मी काही भित्री बाई नाही, पण गाळणं हातातून का पडलं, ते आता तुम्हाला कळलं असेल.

ह्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. बेडकाबद्दल बोलणाऱ्या काकूंना दोन दिले, मुद्दाम! आणि मग सकाळ-संध्याकाळ ती रेकॉर्ड. सुई टेकली की रेवू मांडी घालून समोर. बाई बोलायची, थांबायची, ही त्या थांबण्यात आपलं उत्तर ठेवायची, अगदी बरोबर मापाचं. दोन दिवस मी आनंदात होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं... आवाज माझ्या मुलीचा नाही. हेल त्या बाईचा. शेवटचं अक्षर ओढायची तऱ्हा त्या बाईची. आणि "पुरे आता" म्हणताना ही कंबरेवर डावा हात ठेवायची. अहो, रेकॉर्डमध्ये कंबर दिसते का?

त्यातच आमच्या सासूबाई आल्या गावाहून. प्रेमलाबाई. हातात पिशवी, पिशवीत शेंगदाणे, नातीसाठी जीव टाकलेला. रेवू दारात उभी राहून म्हणाली, "पाहुणे आले. बसा." सासूबाईंना काय आनंद! "आगं माझी बाय ती! काय ग्वाड बोलती!" टेकल्या कशाबशा, पदरानं तोंड पुसलं, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तोवर नात म्हणाली, "निघालात? दार ओढून घ्या."

"आँ? म्या आत्ताच तर आले!"

"पुरे आता." डावा हात कंबरेवर.

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. मला आत ओढून नेलं आणि कानात म्हणाल्या, "हेमे, ह्या पोरीत कुनीतरी बाई हाय. जुनी हाय. आन् पेठंतली हाय." मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मिरच्या जाळल्या, आम्ही दोघी खोकून खोकून लाल, आणि पोरगी त्या धुरात उभी... निवांत. "बसा," म्हणाली.

तुम्ही हसताय. मीही हसले असते, पण पुढचं ऐका. रेकॉर्डमधला आवाज कमी व्हायला लागला. आधी वाटलं, माझेच कान. पण नाही, रोज थोडा थोडा... बाई जणू एकेक खोली मागे सरकत चालली होती. आणि रेवूचा आवाज रोज जास्त खणखणीत! इकडे ती पुसट, तिकडे ही ठसठशीत. मी पोरीला कडेवर घेतलं आणि तडक जुना बाजार गाठला. इम्तियाजभाई म्हणाले, "भाभी, ही मऊ असते. कारखान्यातली नाही ना. सुई लागली की दर खेपेला थोडा आवाज घासून जातो."

मी विचारलं, "जातो कुठे?"

ते हसले. मी नाही हसले. माझ्या कडेवरून माझी मुलगी त्यांना म्हणाली, "निघालात?" मग तेही हसायचे थांबले.

मी काही भित्री बाई नाही, पण घरी आल्यावर रेकॉर्ड पिठाच्या डब्यामागे लपवली. म्हटलं, बास. मुलगी मुकी राहिली तरी चालेल, पण माझी राहू दे. आणि रेवूला समोर बसवून परत माझं सुरू... रेवू ही वाटी, हा चमचा, हा चमचा कुणाचा, हा चमचा... तर तिनं माझ्या गालावर हात ठेवला. आणि त्या आवाजात म्हणाली, "आता तू बोल, विठू. मी बसले आहे."

अहो, हे वाक्य रेकॉर्डमध्ये नव्हतं! मला सगळी रेकॉर्ड पाठ, तेच सगळं दोनदा, दुसरं "पुरे आता" म्हटलं की संपली! मग हे आलं कुठून? हे बसवर, सासूबाई गावाला, घरात मी, पोरगी आणि... कोण? रेकॉर्ड काढली, पदरानं पीठ पुसलं, लावली. नुसती खरखर, तांदूळ पाखडल्यासारखी. तिच्या तळाशी कुठेतरी ती बाई. ऐकू येईना म्हणून पंखा बंद केला. खिडकी लावली. तरी येईना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मीच बोलतेय! "काही ऐकू येत नाही बाई, काही ऐकू येत नाही," असं मीच म्हणतेय! तोंड मिटलं. डॉक्टरांकडे गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसरं "पुरे आता" आलं, पुसट. रोज मी इथं सुई उचलायची, नाहीतर माझं तोंड सुरू व्हायचं. आज थांबले. खूप वेळ नुसतं थांबणं. आणि मग ती म्हणाली, अगदी हळू, शिकवायच्या आवाजात नाही, घरातल्या आवाजात... "आता तू बोल, विठू. मी बसले आहे."

आणि बसलीच हो ती! सुई आतल्या कडेला जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. ना कंटाळली, ना रागावली, ना "म्हण ना बाई एकदा" म्हणाली. इतक्या वर्षांत त्या जागेत कुणीच बोललं नव्हतं, आणि माझी मुलगी शेजारी मांडी घालून त्या गप्प जागेकडे बघत होती, जशी खाऊच्या डब्याकडे बघते. माझ्या बोलण्यात अशी एवढीशी सुद्धा जागा नव्हती. ठेवलीच नव्हती मी. पोरगी बोलणार कुठं?

ती शेवटची खेप. नंतर लावली तर खरखर फक्त.

संध्याकाळी रेवूला समोर घेतलं आणि म्हटलं, "रेवू, आता तू बोल. मी बसले आहे." आणि गप्प बसले. तुम्हाला सांगते, बाळंतपण परवडलं! जीभ नुसती वळवळते. गॅसवर दूध उतू गेलं, जाऊ दिलं. फोन वाजला, वाजू दिला. वाटलं, आता छातीत काहीतरी फुटणार... आणि रेवूनं माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाली,

"विथू."

बोबडं! घोगरं! ठ नाही, हेल नाही, काही नाही! माझ्या मुलीचा आवाज, तिचा स्वतःचा, मी जन्मात पहिल्यांदा ऐकला! पण म्हणाली काय? विठू! कुणाला? मला! तिला बिचारीला वाटणार काय, जिच्याशी बोलायचं तिला विठू म्हणतात. मी म्हटलं, "ओ."

तेव्हापासून मी विठू. "विथू, भूक." "विथू, शू." भाजीवाल्यासमोर, डॉक्टरांसमोर, सासूबाईंसमोर! हे तर पोट धरून हसतात, "बरोबर आहे तिचं, घरात पोपटासारखं कोण बोलतं?" आई म्हणाली का? नाही म्हणाली. म्हणेल. मी बसले आहे.

पण ती बाई काही गेली नाही हं. रोज चार वाजून दहा मिनिटांनी रेवू हातातलं खेळणं ठेवते, उघड्या दाराकडे बघते, दारात कुणी नसतं, आणि त्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणते, "पाहुणे आले. बसा." मी काही भित्री बाई नाही. मी एक कप चहा जास्तीचा ठेवते, दाराकडे तोंड करून. गार झाला की मीच पिते.

तर एक काम करा माझं. पेठांमध्ये कुणी ओळखीचं असेल, ज्यांच्या आजीनं, आत्यानं एक पोपट पाळला होता, विठू नावाचा, आणि तो मेला कधी बोलला नाही, तर त्यांच्या कानावर घाला. म्हणावं, रेकॉर्ड संपली, पण बाईंचा आवाज बिबवेवाडीत सुखरूप आहे, खाऊनपिऊन आहे. येऊन ऐकून जा, चारनंतर. आल्या आल्या पोरगी "निघालात?" म्हणेल, ते मनाला लावून घेऊ नका, ती सगळ्यांनाच म्हणते. सांगाल ना? नक्की सांगा हं...

बरं, मग? निघालात? दार ओढून घ्या.