बाटली फुटलेली नाही

पोलीस ठाणे, लातूर

जबाब देणार : उजमा तय्यब अत्तार, वय ३१ वर्षे, धंदा खाजगी क्लासमध्ये शिकवणे व विद्यापीठात रसायनशास्त्राचे संशोधन, रा. देगलूर नाका, नांदेड.

मी समक्ष विचारल्यावरून स्वखुशीने सांगते की, मी वरील पत्त्यावर आई हुसेनबी हिच्यासोबत राहते. 'स्वखुशीने' हा शब्द नेहमीचा आहे म्हणून राहू दिला. मला बोलावून आणले आहे.

मी आठवड्यातले चार दिवस लातुरात रेणुकादास देशपांडे सरांच्या क्लासमध्ये बारावीला रसायनशास्त्र शिकवते. उरलेले दिवस नांदेडला प्रयोगशाळेत असते.

बाटलीत काय आहे असे विचारल्यावरून सांगते की, कर्करोगाच्या काही रुग्णांना किरणोत्सारी धातूचे औषध टोचतात. तो धातू शरीरात सुटला तर भलत्याच अवयवात जाऊन बसतो, म्हणून त्याला घट्ट धरणारा रेणू लागतो. कार्बीन जातीचे रेणू धातूला सांडशीसारखे धरतात. तसे रेणू रचणे हे माझे काम. पकड जमेपर्यंत आम्ही साध्या रेनियम धातूवरच काम करतो. औषधाचा किरणोत्सारी धातू मोठ्या दवाखान्यात असतो, माझ्याकडे तो कधीच नव्हता. बाटलीत साध्या रेनियमची पांढरी भुकटी आहे. पोरं नुसतं पाठ करून राहिलीत, एकदा डोळ्यांनी बघू देत, म्हणून मी ती वर्गात आणली. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मंगळवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावर तास चालू असताना जमिनीतून गडगड आवाज आला आणि बाके हलली. तो आवाज कशाचा, हे लातुरात कोणाला सांगावे लागत नाही. मी मुलांना बाहेर चला म्हणाले. तेवढ्यात जिन्यात कोणीतरी ओरडले, "अणूवाल्या मॅडमची बाटली फुटली, पळा!"

हे नाव सरांच्या कृपेने मिळाले आहे. प्रवेश वाढावेत म्हणून त्यांनी क्लासच्या दर्शनी भागावर माझा फोटो आणि खाली 'अणुऔषध संशोधक' असा फ्लेक्स मला न विचारता लावला. तेव्हा त्यांना माझ्या बाटलीची भीती वाटली नाही.

मुले मागच्या जिन्याकडे धावली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते. तास बुडवून मुले तिकडून सटकतात म्हणून सर ते लावून ठेवतात. सगळी मुले उलटी फिरून पुढच्या अरुंद जिन्यात आली आणि शिरूर अनंतपाळची विद्यार्थिनी शिवगंगा गर्दीच्या पायांखाली सापडली. तिचा पाय मांडीत मोडला आहे. ॲम्ब्युलन्समध्ये तिने मला एवढेच विचारले, "मॅडम, परीक्षेला बसता येईल न्हवं?"

कुलपाबद्दल मी सरांना आधीच दोनदा बोलले होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही केमिस्ट्री बघा, कुलपाचं मी बघतो."

मी का बोलले असे विचारल्यावरून सांगते की, मोठ्या भूकंपाच्या रात्री आम्ही औशाकडे आजोळी होतो. मी तान्ही होते. आईने मला काखेत घेतले, पण अंधारात दाराची कडी तिला लवकर सापडली नाही. माझा भाऊ यासेर तीन वर्षांचा होता. पुढचे या जबाबाला लागत नाही. आई आजही झोपताना सांगते, "कडी लगाना नक्को." आमच्या घरी लावत नाहीत.

बाटलीसाठी बाहेरून कोणी माल दिला का, कोणी भेटायला येत होते का, असे मला तीनदा विचारले. ही भुकटी बनवायला लागणारा चांदीचा ऑक्साइड तेवढा बाहेरून आला, तोही विद्यापीठाच्या पावतीवर. भेटायला फक्त परीक्षेच्या आधी पोरं येतात. इतर शिक्षकांना हा प्रश्न विचारलेला नाही, हेही लिहावे.

शिवगंगाच्या पायाला माझी बाटली कारण आहे, अशी सरांची तक्रार मला मान्य नाही. बाटली आता टेबलावर, हवालदार चंद्रप्पा यांच्या चहाच्या कपाजवळ आहे. बूच जसेच्या तसे आहे.

जबाब मला वाचून दाखवला. पहिल्या वाचनात कुलूप कुठेच नव्हते. हवालदारसाहेब म्हणाले, "सर लई मोठं माणूस हाय मॅडम. बाटलीपुरतं बोला, सही करा अन् जावा घरी." मी सही केली नाही. बसून राहिले. मग कुलूप लिहिले गेले. दुसऱ्यांदा वाचलेला मजकूर मी सांगितला तसा आहे. तरी शेवटची ओळ मी पुन्हा लिहायला लावली असून तिच्याखाली जागा न सोडता सही करत आहे.

मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते.

(सही) उजमा तय्यब अत्तार